सोनीला पिल्लं व्हावीत का, हे आधी ठरवू

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव वगळून, कुत्रीचं नाव बदलून):

"मी खानापूर तालुक्यातली, वय २९. बेळगावात मेडिकल दुकानात काम करते. आमचं घर शेतात आहे. घरात नवरा, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. आमच्याकडे चौदा महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे, सोनी. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत. निपाणीकडचे एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, पुढच्या हीटला, म्हणजे ती माजावर आली की, त्यांच्या नराशी मीटिंग करू. पैसे नकोत, पण पिल्लांतलं एक ते आपल्या पसंतीनं उचलणार. त्यांचा नर एका चॅम्पियनचा मुलगा आहे आणि सोनीचे वडीलही तोच चॅम्पियन. ते म्हणतात, त्यानं लाईन पक्की होते. डॉक्टरांनी सोनीला बघून 'एकदम निरोगी' म्हटलंय. नवऱ्याचा हिशेब असा, की आठ पिल्लं, पंधरा हजारांना एक. त्या भरवशावर कर्ज काढून शेड बांधायची. भाऊ म्हणतो, लॅब्रॅडॉर सोड, मुधोळ कुत्र्यांची जोडी आण. आणि सासरे म्हणतात, 'गल्लीत दहा कुत्री फिरालीत, आणि तू आणखी पैदास करणार?' ताई, मला कुत्र्यांचा धंदा करायचा नाही. निरोगी पिल्लं देणारी, नाव घ्यावं अशी ब्रीडर व्हायचंय. सुरुवात कुठून करू?"

तुम्ही 'पिल्लं किती आणि भाव किती' असं न विचारता 'निरोगी' हा शब्द आधी लिहिलात, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच हे उत्तर लांब होणार आहे.

पण सुरुवात कुठून, हे सांगण्याआधी मला एक विचारायचं आहे. समजा, सोनीच्या खुब्याचा एक्सरे काढला आणि तो वाईट आला. किंवा रक्ताच्या तपासणीत काही निघालं. तर तुम्ही थांबाल का? ही लाडकी, देखणी, पेपर असलेली कुत्री फक्त घरातली कुत्री म्हणून राहील आणि तिची पिल्लं कधीच होणार नाहीत, हे तुम्हाला आणि तुमच्या नवऱ्याला मान्य होईल का? याचं उत्तर आज घरात बसून ठरवा, तपासणीच्या आधी. शेड उभी राहिल्यावर, कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर आणि चार जणांकडून पिल्लांचा आगाऊ पैसा घेतल्यावर कुठलाही एक्सरे वाईट दिसत नाही. चांगल्या ब्रीडरचं खरं काम बहुतेक वेळा 'नाही' म्हणण्याचं असतं. या कुत्रीची पिल्लं नकोत, हा नर नको, या गिऱ्हाइकाला पिल्लू नको. ते म्हणता येण्याजोगी परिस्थिती आधी तयार करायची आणि मग पुढे जायचं.

आता तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या काही गोष्टी बघू.

पहिली, पेपर. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर सांगतात की सोनीचे आई-वडील कोण, आजी-आजोबा कोण. तेवढंच सांगतात. तिचे खुबे कसे आहेत, डोळे पुढे टिकतील का, हे त्यात नसतं. दोन आजारी कुत्र्यांच्या पिल्लांनाही पेपर मिळतात. पेपर हवेतच, कारण वंशावळ माहीत नसेल तर पुढचं काहीच ठरवता येत नाही. पण आपल्याकडे 'पेपरवालं पिल्लू' म्हणजे 'चांगलं पिल्लू' असं धरून चालतात, तिथे गडबड होते.

दुसरी, 'एकदम निरोगी'. डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. त्यांनी नाक, कान, छाती, पोट, ताप बघितला असेल आणि आज सोनी ठणठणीत आहे. पण लॅब्रॅडॉरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे आजार चौदाव्या महिन्यात बाहेरून दिसतीलच असं नाही. खुब्याचा सांधा सैल असणं, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, आणि पुढच्या पायाच्या कोपराचा तसाच दोष, हे दोन या जातीत मोठे. अशी कुत्री लहानपणी मजेत पळते आणि पाच-सहा वर्षांची झाली की पायरी चढताना थांबते. त्यासाठी एक्सरेच लागतो आणि तोही नीट काढलेला: कुत्रीला झोपेचं औषध देऊन, पाठीवर झोपवून, मागचे दोन्ही पाय सरळ आणि समांतर ताणून. जागेपणी, दोघांनी धरून, आडवं पाडून काढलेल्या एक्सरेवरून खुब्याची प्रत ठरवता येत नाही. अमेरिकेतली जी संस्था असे दाखले देते, ती २४ महिने पूर्ण होण्याआधी खुब्याचा अंतिम दाखला देत नाही. इथे हाडांचा एक्सरे वाचणारा अनुभवी पशुवैद्य मिळाला नाही तर फिल्म घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातलं शिरवळ आहे, नाहीतर मुंबईत परळ किंवा बेंगळुरात हेब्बाळ आहे.

मग जनुकांच्या तपासण्या. लॅब्रॅडॉरमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आजार असतो; आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. तो बहुधा कुत्रं मध्यम वयाचं झाल्यावर लक्षात येतो, म्हणजे तोवर त्या कुत्रीच्या दोन-तीन वेळा पिल्लं होऊन गेलेली असतात. ईआयसी नावाचा दुसरा आजार आहे. त्यात चांगलं धडधाकट कुत्रं पाच-दहा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय लुळे पडतात आणि काही वेळा ते दगावतंही. या दोन्हींची तपासणी गालाच्या आतून बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर होते आणि नमुना कुरियरने पाठवता येतो. मेडिकलमध्ये काम करता, त्यामुळे नमुना नीट घेणं, पाकिटावर लेबल लावणं तुम्हाला अवघड नाही.

इथे थोडं नीट समजून घ्या, कारण यावरून लोक टोकाचे निर्णय घेतात. हे आजार बहुधा आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच होतात. एकाकडूनच आला तर कुत्रं आयुष्यभर निरोगी राहतं, फक्त दोष पुढे देऊ शकतं. अशा दोन वाहकांची जोडी लावली तर सरासरी चारांतलं एक पिल्लू आजारी निघतं. पण वाहक कुत्रीची जोडी पूर्ण स्वच्छ नराशी लावली तर त्या आजाराचं एकही पिल्लू निघत नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये 'वाहक' आलं म्हणून सोनी बाद होत नाही. तिला नर कोणता हवा, ते ठरतं. खुब्याचं मात्र असं सरळ गणित नाही. तिथे अनेक जनुकं, वजन, खाणं आणि वाढीच्या वयातली दगदग, सगळंच भर घालतं. म्हणून तिथे सोनीचाच नव्हे, तिच्या आई-बापांचा आणि भावंडांचाही एक्सरे कोणी काढला असेल तर तो मिळवायला धडपडा.

आता निपाणीच्या नराबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या नराचा बाप आणि सोनीचा बाप एकच, म्हणजे दोघं सावत्र भावंडं. अशा जोडीच्या पिल्लांमध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता साडेबारा टक्के असते. सख्ख्या भावंडांत किंवा बाप-लेकीत ती पंचवीस टक्के होते. 'लाईन पक्की होते' हे त्या गृहस्थांचं म्हणणं खोटं नाही. पक्की होते, पण चांगल्या गोष्टींबरोबर लपलेले दोषही पक्के होतात. शिवाय अशा जोड्यांतून पिल्लं कमी होणं, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत दगावणं, आजाराला तोंड देण्याची ताकद कमी असणं, हे प्रकार वाढतात.

सासऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एकाच वळूनं गाव भरवला तर त्याच्याच कालवडी पुन्हा त्याच्याकडे न्यायच्या नसतात, हे त्यांना शेतकरी म्हणून ठाऊक असेल. चॅम्पियनच्या बाबतीत नेमकं तेच होतं. शोमध्ये एक देखणा नर जिंकला की आजूबाजूच्या सगळ्या माद्या त्याच्याकडे जातात. चार-पाच वर्षांत त्या पट्ट्यातल्या निम्म्या कुत्र्यांचा बाप किंवा आजोबा तोच निघतो. त्यात त्याच्याकडे एखादा लपलेला दोष असेल तर तो घरोघर पोचतो. म्हणून तुम्ही बेळगाव-निपाणी-कोल्हापूर या टापूबाहेरचा नर शोधा, ज्याच्या पेपरवर निदान मागच्या तीन-चार पिढ्यांत सोनीच्या पेपरवरची नावं येत नाहीत. तो वयानं थोडा मोठा, पाच-सहा वर्षांचा आणि अजून धडधाकट असेल तर आणखी उत्तम; इतक्या वर्षांत बरेचसे आजार दिसून गेले असते. देखणेपणात तो जरा कमी असला तरी चालेल.

त्या गृहस्थांशी नातं बिघडवायचं नसेल तर सरळ सांगा, "दोघांचे वडील एकच आहेत, म्हणून नको." ते रागावले तर रागावू देत. आणि 'पसंतीचं पिल्लू' या बोलीबद्दल एक सांगते. नराचा मालक सगळ्यात चांगलं पिल्लू घेऊन जातो, हा जुना रिवाज आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण ते पिल्लू कुठे जाणार, पुढे त्याची पैदास होणार का, हे तुमच्या हातात राहत नाही. तुम्हाला जी जबाबदारी घ्यायची आहे, तिच्या दृष्टीने रोख पैसे देणं जास्त स्वच्छ.

वयाचं म्हणाल तर सोनीची पुढची हीट येईल तेव्हा ती पंधरा-सोळा महिन्यांची असेल. २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्रीय नियम अठरा महिन्यांच्या आत मीटिंग करायला परवानगी देत नाहीत. तेच नियम सांगतात की मादीला वर्षातून एकदाच पिल्लं होऊ द्यायची, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आपल्याकडे घरगुती पैदास करणारे बहुतेक जण ही नोंदणी करत नाहीत. तुम्ही करा. अर्ज कन्नडमध्ये भरायची अडचण वाटत असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा. तिथली माणसं मराठीत समजावून सांगतात. खुब्याचा एक्सरे २४ महिन्यांनंतर म्हटलं तर सोनीच्या बाबतीत अजून दोन हीट सोडायच्या आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यानंतरची धरायची, असा हिशेब होतो. म्हणजे वर्षभर हातात आहे. ते वर्ष वाया जाणार नाही.

तेवढ्यात कोणीतरी म्हणेलच, "एकदा पिल्लं होऊ देत की, नाहीतर कुत्री आजारी पडती." यात तथ्य नाही. एकदा पिल्लं झाल्यानं गर्भाशयात पू होण्याचा आजार टळत नाही, स्तनांच्या गाठीही टळत नाहीत. ते टाळायचं असेल तर अंडाशय आणि गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन करतात. कुत्रीला आई व्हायची इच्छा असते वगैरे आपण आपल्या मनातलं तिच्यावर लादतो.

मीटिंगच्या आधीच्या तपासण्यांमध्ये एक अशी आहे, जी आपल्या भागात फार थोडे लोक करतात: ब्रुसेलाची. कुत्र्यांचा ब्रुसेला मीटिंगमधून पसरतो. नर बाहेरून पूर्ण बरा दिसतो, आणि मादी दीड-पावणेदोन महिन्यांवर गाभडते किंवा मेलेली, अशक्त पिल्लं देते. एकदा शिरला की औषधांनी तो खात्रीनं जात नाही. शिवाय तो माणसाला होतो, विशेषतः गाभडलेल्या कुत्रीची वार आणि स्राव हाताळणाऱ्याला. तुमच्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे, म्हणून हे अधोरेखित करते. सोनी आणि नर, दोघांच्या रक्ताची तपासणी, प्रत्येक मीटिंगच्या आधी. नराचा मालक 'आमच्या कुत्र्याला काय झालंय?' म्हणून नकार देत असेल तर तो नर सोडून द्या.

त्याच वेळी गोचीड तापाची तपासणी करून घ्या. खानापूरच्या पावसात आणि गवतात गोचीड किती, हे तुम्हाला सांगायला नको. गोचीड तापात रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि अशी कुत्री विताना रक्तस्राव झाला तर निभावत नाही. लसी मीटिंगच्या आधी पूर्ण असाव्यात, लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या लसीसह. भाताच्या खाचरात आणि उंदरांत वावरणाऱ्या कुत्र्याला ती लागतेच.

गाभण राहिल्यावरच्या दोन महिन्यांबद्दल (सरासरी ६३ दिवस धरतात) एकच गोष्ट ठासून सांगते, कारण ती बाटली तुमच्याच दुकानात समोरच्या फळीवर असेल. गाभणपणी कॅल्शियमचं सिरप पाजू नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर आपल्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि व्यायल्यावर दूध जोरात सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. मग धाप, थरथर, ताठरपणा, झटके. ताबडतोब सलाईनमधून कॅल्शियम मिळालं नाही तर कुत्री जाऊ शकते. चांगलं, संतुलित खाणं द्या. पहिले पाच-सहा आठवडे नेहमीएवढंच, शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत. लॅब्रॅडॉर मागेल तेवढं घालू नका. जाड कुत्री अडते.

विण्याची वेळ जवळ आली की दिवसातून दोन-तीनदा गुदद्वारातून ताप मोजा. एरवी १०१ फॅरनहाइटच्या आसपास असलेलं तापमान ९९ च्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, पोटात पिल्लं असताना दोन तास काहीच घडत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव दिसला, तर वाट बघायची नाही. आणि इथेच तुमचा खरा प्रश्न आहे. जुलैमध्ये रात्री दोन वाजता, लाईट गेलेली, पावसाचा जोर, तुमच्या शेतातून बेळगावला कुत्रीला नेणार कसं? सिझेरियन रात्री कोण करतं? हे नाव, नंबर आणि गाडी, तिन्ही मीटिंगच्या आधी पक्कं झालं पाहिजे. तुमच्या गावाजवळचे सरकारी डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतील, पण कुत्रीचं ऑपरेशन ते करतात का, हे तोंडावर विचारा. नसतील करत तर तारखेच्या दोन दिवस आधी सोनीला बेळगावात एखाद्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवायचा विचार करा. शक्य असेल तर हिशेब असा जुळवा की विण्याची वेळ भर पावसाळ्यात येणारच नाही. नाहीतर ती हीट सोडून द्या.

पिल्लं झाल्यावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हाताशी ठेवा आणि प्रत्येकाला रोज वजनाला लावा. आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं वजन एक दिवस थांबलं, ही पहिली खूण असते. रडणं-ओरडणं नंतर येतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. ओलसर हवेत दिवा नाहीतर गरम पाण्याच्या बाटल्या लागतात.

आता पैसा. आठ गुणिले पंधरा हजार, हा हिशेब सगळी पिल्लं जगली, सगळी खपली आणि सोनीला काही झालं नाही, असं धरून केलेला आहे. त्यातून एक्सरे, जनुकांची तपासणी, ब्रुसेला, हीटमधला योग्य दिवस ठरवायला लागणारी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी, नराचे पैसे, प्रवास, सोनीचं दूध असताना होणारं दुप्पट-तिप्पट खाणं, पिल्लांचे जंत आणि लसी, नोंदणी, आणि एका सिझेरियनची तरतूद वजा करा. मग न खपलेली दोन पिल्लं चार महिने सांभाळायचा खर्च वजा करा. नीट काम करणाऱ्याच्या हातात पहिल्या वेताला फारसं काही उरत नाही, आणि काही वेळा पदरचं जातं. कर्ज काढू नका. हे मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहानं सांगते. कर्ज असलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. शिवाय एका कुत्रीला शेड लागत नाही. पिल्लं घरात, माणसांत वाढली पाहिजेत. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं, त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, पाहुणे, तुमची लेक, तिच्या मैत्रिणी. शेडमध्ये वाढलेलं पिल्लू दिसायला तेच असतं, पण नव्या घरात गेल्यावर कोपऱ्यात बसतं किंवा चावतं, आणि मग ते रस्त्यावर सोडलं जातं.

यावरून सासऱ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही तो विरोध म्हणून लिहिलाय. मला तो पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला. गल्लीत कुत्री असताना आणखी का? याचं एकच उत्तर पटण्यासारखं आहे: तुमच्याकडून गेलेलं एकही पिल्लू कधी त्या गल्लीत दिसणार नाही, याची हमी तुम्ही घेतली तर. म्हणजे पिल्लू देताना लिहून द्यायचं आणि घ्यायचं, की कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं ठेवता आलं नाही तर ते तुमच्याकडेच परत येईल. सात वर्षांचं, आजारी, भुंकणारं असलं तरी. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. आठ पिल्लं म्हणजे बारा वर्षांसाठी आठ घरांशी बांधलेली गाठ. ती बांधायची तयारी नसेल तर सासरे बरोबर आहेत आणि सोनीचं ऑपरेशन करून टाकावं.

म्हणून मीटिंगच्या आधी घरं शोधा. पिल्लू हवं असणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला लाजू नका: दिवसभर घरी कोण असतं, भाड्याचं घर आहे का, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. 'वाढदिवसाला सरप्राइज' म्हणून मागणारा, साखळीला बांधून शेत राखायला मागणारा, आणि पहिल्याच वाक्यात 'मादी द्या, पिल्लं काढू' म्हणणारा, या तिघांना मी स्वतः देणार नाही. निदान चार-पाच पक्की घरं मिळाली नाहीत तर ती हीटही सोडा.

भावाच्या मुधोळच्या सूचनेत दम आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं नावारूपाला आणलेली ही जात. तिथल्या मालोजीराजांनी एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली होती. २००५ मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं, आणि पुढे सैन्यानं पिल्लं प्रशिक्षणाला नेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतल्यावर मागणी आणखी वाढली. मागणी वाढली की घाईनं काढलेली, ग्रेहाउंडचं रक्त मिसळलेली पिल्लंही 'शुद्ध मुधोळ' म्हणून खपतात. या जातीत वंशावळ बरीचशी माणसांच्या आठवणीत असते, त्यामुळे नोंदी ठेवणाऱ्या, नात्यातली जोडी टाळणाऱ्या माणसाची तिथे फार गरज आहे. पण तुमच्या जागेचा विचार करा. हे घटप्रभेच्या काठच्या कोरड्या, मोकळ्या माळाचं कुत्रं आहे, अंगावर चरबी नाही, केस आखूड. खानापूरच्या चार महिन्यांच्या ओलीत ते कुडकुडतं. नजरेनं शिकार हेरणारं कुत्रं ससा दिसला की हाकेला थांबत नाही. तुमच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, आणि रानातला ससा मारणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. बिबट्याची भीती वेगळीच. भुलीच्या काही औषधांनाही या धाटणीची कुत्री जास्त नाजूक असतात, ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. त्यातूनही ओढ वाटत असेल तर जोडी विकत घेण्याआधी मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या. भाऊ मुधोळकडेच कुठे राहत असेल आणि त्याची तयारी असेल तर ही जात त्यानं पाळावी आणि नोंदी तुम्ही ठेवाव्यात, हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं.

हातातल्या वर्षात काय करायचं, तर कुणाच्या तरी वेतात राबा. बेळगाव-कोल्हापूरकडचा एखादा असा ब्रीडर शोधा, जो विचारल्यावर आपल्या कुत्र्यांचे एक्सरे काढून दाखवतो आणि कुठली कुत्री पैदाशीतून का काढली तेही सांगतो. त्याच्याकडे पिल्लं होतील तेव्हा आठवडाभर रात्री जागा. मेलेलं पिल्लू हातात घ्यावं लागेल, टाळू फाटलेलं एखादं निघेल, आई पिल्लाला दूर ढकलेल. हे बघून झाल्यावरही हे काम करावंसं वाटलं तर तुमच्यात ब्रीडर आहे. आणि नाही वाटलं तरी काही बिघडलं नाही. कुत्र्यांची जाण असलेली, औषधं ओळखणारी बाई दुसऱ्यांच्या वेताला आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणालाही तितकीच हवी असते.

आजपासूनचं पहिलं काम मात्र वेगळंच आहे. सोनीची हीट महिन्या-दोन महिन्यांत येईल. रक्त दिसायला लागल्यापासून साधारण तीन आठवडे तिला खोलीत ठेवा, बाहेर नेताना साखळीवर आणि तुमच्या स्वतःच्या हातात. शेताच्या कुंपणावर भरवसा ठेवू नका. नर कुंपणाखालून उकरून आत येतो. मुलीला आणि सासूबाईंना दार लावायचं नीट सांगून ठेवा. तरी काही घडलंच तर घरगुती उपाय करू नका आणि दुकानातून गोळ्या नेऊन देऊ नका. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि रेबीजची लस घेतल्याची तारीख कार्डावर आजच बघून घ्या.